वंशावळीत आत्याची जागा

आमच्या घराण्याची वंशावळ इंटरनेटवर चढवायचं खूळ माझ्या चुलतभावाच्या डोक्यात शिरलं ते अमेरिकेत गेल्यावर. इथं असताना गड्याला पणजोबांचं नाव धड सांगता येत नव्हतं. तिकडं कॉम्प्युटरच्या नोकरीत रुळला आणि एकदम पूर्वजांचा पुळका आला. त्यानं एक पान तयार केलं. आम्ही इकडून एकेक नाव भरायचं, की ते जगात कुठंही दिसणार. भरायचं कुणी? तर मी. कारण मी बारामतीत मास्तरीण, आणि बारामतीत नुकताच नेट कॅफे निघालेला. बाकीचे सगळे निमगाव केतकीजवळच्या आमच्या गावात, तिथं फोन लागला तरी नशीब.

आमचं घर मूळचं मेंढरांमागं फिरणारं. जन्म कुठल्या गावच्या शिवारात झाला हेच जिथं ठाऊक नाही, तिथं नोंद कुठं शोधणार? इंदापूरच्या तहसील कचेरीत खेपा घातल्या. आजोबांनी जमीन घेतली तिथपासूनचं मिळालं, त्याच्या मागं काही नाही. मग वडील म्हणाले, हेळव्याची वाट बघ. हेळवी म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांगत फिरणारे लोक. काही वर्षांनी एकदा दारात यायचे, बाड सोडायचे आणि कुणाचा पोरगा कोण ते पिढ्यानपिढ्या मागं जात घडाघडा म्हणायचे. धान्य, लुगडं, जमलं तर एखादं कोकरू घ्यायचे आणि पुढच्या गावाला. त्या दिवाळीनंतर ते आले, तशी मी रजा टाकून गावी गेले आणि समोर लिहायला बसले.

सगळं उतरून घेतलं आणि माझं डोकं सणकलं. इतक्या पिढ्यांत एक लेक नाही. "लेकी कुठायत?" मी विचारलं. हेळवी शांतपणानं म्हणाला, "लेकी सासरच्या वंशात, बाई."

माझी आत्या तिथंच चुलीपाशी बसली होती. वडिलांची थोरली बहीण. माझ्या जन्माच्या आधीच विधवा होऊन माहेरी आलेली. मूलबाळ नाही म्हणून सासरच्यांनी तिला परत कधी विचारलं नव्हतं. "मग हिची जागा कुठं?" मी म्हटलं. हेळवी बाड गुंडाळायला लागला. शेवटी आत्याच म्हणाली, "जाऊ दे की. माझ्या नावावाचून कुनाचं काय अडलंय?"

माझं अडलं होतं. आई रानात राबायची आणि मी हिच्या पाठुंगळी. मला न्हाऊमाखू घालून वाढवलं ते हिनं. जगाला दाखवायच्या वंशावळीत ही नसेल तर ती वंशावळ गेली उडत, असं मी भावाला मेलवर ठणकावलं. त्याला काय, त्यानं लगेच होकार दिला. सगळ्या लेकी भर म्हणाला.

एका रविवारी आत्याला बारामतीला आणलं आणि कॅफेत घेऊन गेले. प्लायवूडचं खोकं, आत एकच खुर्ची, दुसरी मागून घेतली. इंटरनेट जोडताना मशीन किरकिर करायचं आणि मग पान वरून खाली हळूहळू उमटायचं. आत्या पदर सावरून देवळात बसल्यासारखी बसली. आजोबांच्या खाली आधी तिचं नाव टाकलं, मग वडील, मग काका. मी बोट लावून दाखवलं.

"ह्येच माझं नाव व्हय? लई बारीक हाय," ती म्हणाली. पण खूश झाली होती, मला कळत होतं.

तिच्या नावाखालची पुढची चौकट मुलांची. मी ती ओलांडून पुढं निघाले.

"तितं काय इचारलंय?"

"मुलं किती, म्हणून."

"एक," आत्या म्हणाली.

हिच्या अंगाखांद्यावर वाढले आणि मला हे ठाऊक नव्हतं.

"लेक झाली हुती," ती सांगायला लागली. तिचा आवाज काही बदलला नाही. "पाचवी पुजली. बारसं व्हायच्या आत गेली. मग दुसऱ्या साली त्ये बी गेले."

"मला कधी बोलली नाहीस ते?"

"नाव न्हाय, गाव न्हाय. काय म्हनून सांगू?"

मी मागं येऊन त्या चौकटीत एक असा आकडा भरला. तर आता पान त्या एकाचं नाव मागायला लागलं. चौकट मोकळी ठेवून बटण दाबलं की परत तिथंच. नावाशिवाय पुढं सरकायचं नाव नाही.

"आत्या, तूच सांग एखादं. मी टाकते."

"आई नाव ठिवत न्हाय गं. आत्या ठिवती."

ते खरंच होतं. आमच्याकडं बाळाचं नाव त्याची आत्या ठेवते, कानात कुर्र करून सांगते. माझंही नाव हिनंच ठेवलेलं. पण मी वैतागले. "अगं, कॉम्प्युटरला काय कळतंय कुणी ठेवलं ते?"

"त्याला न्हाय कळत. मला कळतंय," ती म्हणाली आणि उठलीच. घरी येईपर्यंत मी फुगून बसले होते. तिला त्याचं काही नव्हतं. चप्पल काढता काढता तिनं विचारलं, "डाळजला जायाला गाडी कुठली?"

डाळजला तिची नणंद दिलेली होती. म्हणजे त्या लेकीची आत्या.

भिगवणपर्यंत एसटीनं गेलो, पुढं हमरस्त्यानं वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीनं. सासर सुटल्यापासून या दोघींची गाठभेट नव्हती. मला धास्ती वाटत होती. म्हातारीनं ओळखच दाखवली नाही तर? आता कसलं नाव अन् काय, म्हणून हसली तर? हिला तसंच माघारी आणायचं माझ्या जिवावर आलं असतं.

नणंदबाई अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाल्या, "वैनी न्हवं का तुमी?" मग चहा झाला. ऊस झाला, गुडघे झाले, कोण गेलं, कोण राहिलं, सगळं झालं. मी आपली चुळबुळत होते. शेवटी आत्या म्हणाली, "वन्सं, नाव ठिवायचं राहिलंय."

कुणाचं, असं म्हातारीनं विचारलं नाही. हातातली शेंग सुपात ठेवली.

"व्हय, राहिलंय," ती म्हणाली. "मी तर ठरवून ठिवलं हुतं. मग कुनाच्या कानात सांगायचं?" पदराला हात पुसत परत म्हणाली, "माझ्या लेकीला बी दिलं न्हाय त्ये. त्ये हिचं हुतं."

मग ती सरकत सरकत आत्याजवळ आली, तिच्या कानावरचा पदर बाजूला केला, कुर्र केलं आणि नाव सांगितलं. मला रडू आवरेना. त्या दोघी मात्र शांत होत्या. आत्यानं मान हलवली, म्हणाली, "चांगलं हाय." ते नाव मी इथं लिहीत नाही, ते त्या दोघींचं आहे.

पुढच्या रविवारी परत कॅफेत गेलो. आत्यानं नाव माझ्या कानात सांगितलं, मी टाकलं आणि पान निमूट पुढं सरकलं. जन्माचं साल विचारलं, तर आत्या म्हणाली, कारखान्याची चिमणी बांधत हुते बघ, त्या साली. मी अंदाजानं आकडा भरला. म्हणजे ती माझ्याहून बरीच थोरली भरली असती, मला तिला ताई म्हणावं लागलं असतं. त्याच्यापुढची चौकट मृत्यूच्या सालाची. तिथंही तोच आकडा पडणार होता. मी बोट टेकवलं तेवढ्यात आत्यानं विचारलं, "ह्ये आनि काय?"

मी सांगितलं.

"त्ये ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.

"अगं, मोकळं ठेवलं तर कॉम्प्युटर तिला जिवंत समजेल. सगळ्यांना तसंच दिसेल."

"समजू दे की," आत्या म्हणाली. "त्याचं काय जातंय?"

मी ती चौकट मोकळी सोडली आणि बटण दाबलं.