मधेच पडणारा खटका

आमच्या घरातला विजेचा नवा डबा मी उघडला तो निव्वळ चोंबडेपणाने. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, त्यातल्या एका खटक्याशी हाडवैर जमलं होतं. बागेतला पंप लावला की थोड्या वेळाने तो खाली पडायचा आणि घरभरची वीज जायची. खटकाच खोटा आहे, काढून टाकायचा, असं ठरवून त्यांनी रामनगरच्या वायरमनला निरोपही धाडला होता. तो उद्या येणार होता. त्याआधी हा प्राणी आहे तरी कोण, हे मला बघायचं होतं.

मेन बंद करून झाकण काढलं. अरुंद खटके ओळखीचे होते, एकेका लाईनीला एकेक. हिरव्या वायरी जिथे गोळा होतात ती पितळी पट्टीही कळली. पण हा खटका दुप्पट रुंद, आणि त्याच्यावर एक बारकं बटण. झाकण लावून, मेन सुरू करून ते दाबलं, तर पठ्ठ्या टक्कन पडला. मला भारीच मजा वाटली. फोटो काढला आणि टेकाड चढले, कारण आमच्याकडे रेंज मिळते ती तिथेच.

तिथे वाचलं ते असं: गेली तेवढी वीज परत आली का, एवढंच हा खटका पाहतो. वाटेत जमिनीत किंवा कुणाच्या अंगातून थोडी जरी निसटली, तरी पडतो.

म्हणजे खटका खरा होता. मग वीज निसटत होती कुठे? पंपाची वायर आम्ही सुपारीच्या झाडांना काथ्याने बांधत नेली आहे. इकडे बरेच जण तशीच नेतात, झाडाला खिळा मारवत नाही. आणि बागेत राखणदाराचं, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाचं, ठाणं, त्यामुळे आत सगळे अनवाणी. पाणी सोडताना अप्पांचे पाय घोट्यापर्यंत चिखलात असतात. आणि हा खटका ते काढून टाकणार होते! मला त्यांचा रागच आला.

मेन पुन्हा बंद करून वायरीच्या कडेकडेने निघाले. विहिरीजवळ, लोखंडी पाइपाला टेकून, एक जोड होता. वरचा काथ्या पाणी पिऊन फुगलेला, आतली टेप कुजलेली, तांबं उघडं.

अप्पांना बोलावून दाखवलं, सगळं समजावलं. मला वाटलं, वाद घालतील. ते वाकून त्या जोडाकडे बघतच राहिले.

"गेल्या उन्हाळ्यात म्हस हितंच मरून पडली," ते म्हणाले. "आमी साप म्हटलं."

तेव्हा घरात जुना फ्यूज होता, निसटती वीज ओळखणारा हा डबा नव्हता.

"पंप चालूच व्हता. मी पळत आलो, तिच्या गळ्याला हात घातला. साऱ्या गावाची लाईन नेमकी तवाच गेलेली."