खैदिरनं न लिहिलेला अर्ज

आमच्या मनिंजाऊ तळ्याकाठी असा एक विषय नव्हता, ज्यावर खैदिर शिंप्याचं मत नाही. मासे का मरतात, रस्ता कुठून जावा, कुणाच्या मुलीनं कुणाशी लग्न करायला नको होतं, सगळं तयार. नूरमानच्या टपरीवर अंडं फेटून घातलेला चहा ढवळत तो बोलायला लागला की पत्ते खेळणारे पत्ते खाली ठेवायचे. मीही त्यांतलाच एक.

त्या वर्षी गावात युल्फित्री नावाची सरकारी सुईण आली. तेवीस वर्षांची, पादांग शहरातली. आठ महिन्यांत दोन बाळं दगावली.

"पोरीचा हात जड आहे," खैदिर म्हणाला. "पुस्तकात शिकून कुठं बाळंतपणं होतात? घालवा तिला."

सगळ्यांना पटलं. पटलं कसलं, ऐकायला बरं वाटलं. तालुक्याच्या कचेरीत अर्ज द्यायचं ठरलं आणि लिहायचं काम अर्थातच खैदिरकडे आलं.

दुपारी शिवणयंत्रावरच कागद ठेवून तो बसला. 'सदर सुईण कामात हयगय करते', एवढं झोकात लिहिलं. पुढे 'कारण' लिहिलं आणि हात थांबला.

"रोस, त्या पोरीनं नेमकं काय केलं गं?" त्यानं बायकोला विचारलं.

"मला काय विचारता? रोज तुम्हीच तर सांगता!"

तो उठून नूरमानकडे गेला. "तू कुणाकडून ऐकलंस?"

"तुझ्याकडून."

मासेवाली सिती म्हणाली, जावयानं सांगितलं. जावई म्हणाला, "उदा, तुम्हीच नाही का टपरीवर बोललात?" थोरल्यांना आम्ही उदा म्हणतो, त्या दिवशी तो मान खैदिरला टोचला. तीन दिवस तो असाच दारोदार फिरला. लोकांचे कपडे न शिवता पडून राहिले. कुणालाही विचारा, बोट त्याच्याकडेच. आणि त्याला स्वतःला कुठून कळलं होतं? खूप डोकं खाजवल्यावर आठवलं, की घाटातल्या बसमध्ये एक अनोळखी माणूस भलत्याच गावच्या सुईणीबद्दल बडबडत होता.

चौथ्या दिवशी तो मार्यानीकडे गेला. तिचं बाळ गेलं होतं, पण खैदिर तिच्या घरी भेटायलासुद्धा फिरकला नव्हता.

"त्या पोरीनं हात जोडले हो," मार्यानी म्हणाली. "मोठ्या दवाखान्यात चला म्हणाली. आमच्याकडे घरात मामांचाच शब्द चालतो, त्यांनीच नको म्हटलं."

दुसऱ्या बाळाच्या आईनं मात्र त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं.

टपरीवर सगळे अर्जाची वाट बघत होते.

"एका बाळाचं कळलं. त्यात तिचा दोष नाही," खैदिर म्हणाला. "दुसऱ्याचं मला माहीत नाही."

"म्हणजे तू कुणाच्या बाजूचा?"

"अजून कुणाच्याच नाही."

"पादांगची पोरगी आवडलेली दिसतेय म्हाताऱ्याला!" नूरमान ओरडला. हशा पिकला. मीही पोट धरून हसलो. मग नूरमाननंच चहा निवायच्या आत अर्ज खरडला आणि आम्ही सह्या केल्या. खैदिरनं केली नाही.

चौकशीला साहेब यायला महिना लागला. तोवर बायका युल्फित्रीकडे जायच्याच बंद झाल्या होत्या. तिनं स्वतःच बदली मागून घेतली. ती निघाली त्या सकाळी तिची बॅग घेऊन खैदिर बसपर्यंत गेला आणि वाटेत त्यानं सगळं कबूल केलं, बसमधल्या माणसासकट.

ती रडली नाही की रागावलीही नाही. एवढंच म्हणाली, "उदा, मी रोज तुमच्या दुकानावरूनच जायचे. तेव्हाच एकदा हाक मारून विचारायचं होतंत."

हे त्यानंच मला सांगितलं. हल्ली तो टपरीवर येतो, काहीतरी बोलायला तोंड उघडतो, मग बोटं टेबलावर वाजवत बसतो. लोक म्हणतात, खैदिरला काहीतरी झालंय.

परवा माझ्या सदऱ्याचं माप घेता घेता त्यानं विचारलं, "तू सही का केलीस?"

"सगळ्यांनी केली म्हणून," मी म्हणालो.

त्यानं नुसतं खांद्याचं माप पुन्हा एकदा घेतलं. मला मात्र तिथं उभं राहवेना.