वाहत्या पाण्यावाचून कंद

आमच्या पाड्याखालचा ओहोळ सगळ्यांत आधी खेकड्यांनी सोडला. जामसरच्या बाजूला, आमच्या डोंगरावर, ठेकेदाराच्या कोळशाच्या भट्ट्या लागून दोन पावसाळे झाले होते. बायको दगड उलटून उलटून रिकाम्या हाताने परत आली, तेव्हा मी तिचीच थट्टा केली, "खेकडे काय तुला विचारून जातात?" आई मात्र हसली नाही.

"खेकडं गेलं, आता पानी पन जाईल," ती म्हणाली.

मला रागच आला. डोंगरावर भट्ट्यांसाठी झाडं तोडणाऱ्या कुऱ्हाडींत एक माझी होती, आणि मुकादम मजुरीपोटी तांदूळ देत होता.

पुढच्या फाल्गुनात ओहोळ आटला. बारमाही ओहोळ आमचा! भट्ट्याही तेव्हा बंद होत्या आणि कणगीतली नागली संपली होती. अशा दिवसांत आम्ही कडूकंद खायचो. कंद विषारी. चकत्या करून राखेच्या पाण्यात उकडायच्या, टोपलीत भरून रात्रभर वाहत्या ओहोळात ठेवायच्या, तेव्हा कुठे विष उतरतं. तरीही पहिली चकती घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाने खायची. दुपारपर्यंत त्याला काही झालं नाही, तरच बाकीच्यांनी तोंड लावायचं.

आईने बजावलं होतं, "व्हायतं पानी नाय तं कंद नाय खायाचा." पण पोरं दोन दिवस उपाशी होती. मी लांबच्या झऱ्यावरून पाणी आणून उकडलेल्या चकत्या मडक्यात भिजवल्या आणि तीनदा पाणी बदललं. तेवढं पुरे, असं मीच ठरवलं. दीडशहाणा!

सकाळी आईने पहिली चकती खाल्ली. ती कडू लागली असणारच, पण पोरं तिच्या तोंडाकडे बघत बसली होती, म्हणून तिने गिळली. ऊन चढायच्या आत तिला ओकाऱ्या सुरू झाल्या. तशातही तिने सरपटत जाऊन मडकं कलंडवलं, सगळ्या चकत्या मातीत गेल्या. दिवस मावळायच्या आत ती गेली. तिला पोचवून आम्ही सवयीने अंघोळीला ओहोळात उतरलो, तर तिथे नुसते दिवसभर तापलेले दगड होते.

दहावा व्हायच्या आधीच मुकादमाची हाक आली, भट्ट्या पुन्हा पेटणार होत्या. ओहोळाच्या उगमावरची झाडं तेवढी उरली होती. पोरं उपाशीच होती. मी कुऱ्हाडीला धार लावली आणि गेलो.