दणका मिस्त्रीचा मदरबोर्ड

पडदा वर जातो. एक खोली, तिला एक खिडकी, भिंतीला टेकवलेली लोखंडी खाट. मधोमध जेवणाचं टेबल आणि त्यावर पोट उघडं टाकलेलं कॉम्प्युटरचं काळं कॅबिनेट. खिडकीतलं ऊन नेमकं त्याच्यावरच पडलंय. त्यावर वाकलेला आडदांड माणूस बटण दाबतो. आतला पंखा अर्धा वळसा घेतो आणि थांबतो. तो पुन्हा दाबतो. पुन्हा अर्धाच वळसा. मग उजवी मूठ वर जाते आणि धाडदिशी कॅबिनेटवर आदळते. चहाचा कप उडून फरशीवर फुटतो. आतल्या दारात उभी असलेली त्याची मुलगी भिंतीला पाठ लावते. लहानपणी लावायची, अगदी तशी.

हा दणका मिस्त्री. आईबापांनी ठेवलेलं नाव गॅरेजात कोणाला ठाऊक नव्हतं. ट्रकचा स्टार्टर अडला की हा खाली सरपटायचा, हातोडीचा एक ठोका घालायचा, आणि मेलेलं धूड घरघरत उठायचं. ड्रायव्हर टाळ्या वाजवायचे. दाद मिळाली की माणसाला तोच प्रवेश पुन्हा पुन्हा करावासा वाटतो. मिस्त्रीनं तो घरीही केला. बायकोचं मनगट मोडलं, तेव्हा ती डॉक्टरला "घसरून पडले" म्हणाली. प्लास्टर सुटलं त्या दिवशी तिनं मुलीचा हात धरला आणि जी गेली ती गेलीच. पुढे ती वारल्याचंही याला दुसऱ्याकडून कळलं.

आणि आता इतक्या वर्षांनी मुलगी आली होती. घरांचे नकाशे काढायचं काम तिला याच शहरात मिळालं होतं, आणि ते घरी बसून करता येणार होतं. फोनवर तिनं सांगून टाकलं होतं, "राहीन बाबा. पण हात उठला, कोणावरही, तर त्याच दिवशी बॅग भरीन."

"बरं," मिस्त्री म्हणाला, आणि तिच्यासाठी कॉम्प्युटर जोडायला बसला. तयार घ्यायचा नाही म्हणाला. दुसऱ्यानं आवळलेल्या स्क्रूवर त्याचा जन्मात विश्वास नव्हता.

"कॅबिनेट 'कोणावरही'मध्ये येत नाही," कपाचे तुकडे गोळा करत मुलगी म्हणाली. "म्हणून आज थांबते."

त्या ठोक्यानं मदरबोर्डला कोपऱ्यापासून तडा गेला. ज्या दुकानातून मिस्त्रीनं सगळे सुटे भाग आणले होते, तिथल्या दुकानदारानं तो उजेडात धरला.

"मिस्त्री, हा पडला की पाडला?"

"आधीच मेलेला होता. तू मेलेलाच दिलास."

दुकानदार किडकिडीत, जाड भिंगांचा, तोंडानं तिखट. पण दुसरा बोर्ड त्यानं मिस्त्रीच्या डोळ्यांदेखत खोक्याच्या पुठ्ठ्यावर ठेवून चालवून दाखवला. मॉनिटरचा पडदा लख्ख उजळला. "बघून घ्या. ठणठणीत आहे. आता घरी नेऊन बाळसं धरायला ठेवा."

घरी मिस्त्रीनं सगळं पुन्हा जुळवलं. मदरबोर्ड पत्र्याला चिकटू नये म्हणून त्याखाली बुटके पितळी खांब लावतात. ते त्यानं सगळे काढले आणि पहिल्या वेळेसारखेच कॅबिनेटच्या तळाला जितकी भोकं होती तितके पुन्हा पिळून बसवले. एकही भोक मोकळं सोडलं नाही. ही सवय त्याच्या कातडीत होती. पोरवयात गॅरेजात शिकताना त्यानं एका चाकाचा एक बोल्ट लावायचा सोडला होता. वस्तादानं त्याचा पंजा ऐरणीवर दाबून धरला आणि पान्यानं करंगळी फोडली. "भोक रिकामं सोडलंस, तर पुढच्या वेळी डोकं बसवीन त्यात!" करंगळी वाकडी जुळली. त्यानंतर मिस्त्रीच्या हातून भोक कधी रिकामं राहिलं नाही.

बटण दाबलं. पंख्याचा अर्धा वळसा, आणि थांबला.

या वेळी त्यानं कॅबिनेटला मारलं नाही. ते खांद्यावर घेतलं आणि भर दुपारी रस्त्यानं निघाला. कानशिलं तापलेली. दुकानात शिरला आणि काचेच्या काउंटरवर ते आदळलं.

"हा घे तुझा दुसरा मुडदा!"

"अहो, तुमच्यासमोर चालवला ना?"

"तुझ्याकडे जिवंत, माझ्या घरी मेलेला. पिशवीत बदललास तू!"

"बदलायला मी काय जादूगार आहे? मिस्त्री, रागावू नका, पण तुमच्या हातालाच काहीतरी—"

पुढचा शब्द दातांसकट आत गेला. पहिल्या ठोक्यानं चष्मा भुवईत रुतला. दुसऱ्यानं दुकानदार काउंटरवर आपटला, काच तडकली आणि त्याची हनुवटी लाल झाली. मिस्त्रीनं गचांडी धरून त्याला उचललं. तेवढ्यात दुकानदाराच्या हाती स्क्रूड्रायव्हर लागला, तो त्यानं मिस्त्रीच्या दंडात मुठीपर्यंत खुपसला. मिस्त्रीला कळलंही नाही. तो मारतच राहिला, पोटात, बरगडीत, तोंडावर. शेजारच्या दुकानांतली माणसं धावली. एकानं मान धरली, दोघांनी हात, एक पायावरच बसला, तेव्हा कुठे तो थांबला.

दुकानदार काचांमध्ये बसला. तळहातावर थुंकला. दात होता. तो त्यानं खिशात टाकला आणि कॅबिनेट ओढून घेतलं.

"पोलीस येतील तेव्हा येतील," तो तोंडाला रुमाल दाबून म्हणाला. "मला आधी हे बघू दे."

त्यानं मदरबोर्ड सोडवून उलटा केला. मधोमध काळा डाग होता. नेमक्या त्याच जागी खाली एक पितळी खांब उभा होता, त्याच्यावर बोर्डाला भोकच नव्हतं.

"हा कोणी बसवला?"

"पत्र्याला भोक होतं."

"पत्र्याला सगळ्या मापांच्या बोर्डांची भोकं असतात हो. सगळी भरायची नसतात! याचं डोकं खालून टेकलं, की बोर्ड बिचारा जीव मुठीत धरून गप्प बसणार." त्यानं तो खांब काढला, बोर्ड परत बसवला, बटण दाबलं. पंखा फिरला, फिरत राहिला. पडदा उजळला. रक्ताळलेल्या तोंडानं दुकानदार जमलेल्या लोकांकडे वळला. "बघा, माझा माल चोख होता. पहिलाही चोखच असणार. आता न्या हा. उद्या चौकीवर या. तक्रार मी देणारच."

मिस्त्रीनं मान हलवली, दंडातला स्क्रूड्रायव्हर उपसून काउंटरवर ठेवला आणि कॅबिनेट उचललं. दंडातून रक्ताचा ओघळ कोपरापर्यंत आला होता.

दार मुलीनं उघडलं. शर्ट पाहिला, मुठीवरची सोललेली कातडी पाहिली. जुनं वाक्य मिस्त्रीच्या जिभेवर तयार होतं, जॅक निसटला म्हणून. ते त्यानं गिळलं.

"दुकानदाराला मारलं," तो म्हणाला. "दात पाडला. त्याचं काही चुकलं नव्हतं. माझंच चुकलं होतं."

ती आत गेली. कपाटाची दारं वाजली, चेन ओढल्याचा आवाज आला. मिस्त्रीनं कॅबिनेट टेबलावर ठेवलं, तारा जोडल्या, चालू करून पाहिलं, बंद केलं. ती बॅग घेऊन बाहेर आली, तेव्हा त्याचा हात आपसूक दाराच्या चौकटीवर गेला. पूर्वी असाच जायचा, वाट अडवायला. तिची पाठ भिंतीला लागली. मिस्त्रीनं ते पाहिलं. त्यानं हात काढून घेतला, खाटेवर जाऊन बसला आणि दोन्ही पंजे मांड्यांखाली दाबून धरले.

"रिक्षा बोलाव. आणि हा घेऊन जा, पोरी, आता चांगला चालतो. माझ्या हाताशी राहिला तर मी हाही मोडेन."