मामीचा चुकणारा हात

मामीला भाताचा अंदाज कधी आलाच नाही. घरात जेवणारी माणसं तीन आणि गंज, म्हणजे भाताचं पातेलं, पाहावं तर पंगत उठेल एवढं. बावीस वर्षं संसार करूनही तिचा भात रोज रात्री उरायचा, आणि रोज ताटावरून उठताना मामा म्हणायचे, "अवो, लग्नघर आहे काय हे?" मामी म्हणायची, "हात चुकते जी माहा." मग भातावर झाकण ठेवून ती मोकळी व्हायची.

मी कॉलेजसाठी भंडाऱ्याला त्यांच्याकडे राहत होते. पवनी रोडला घर. मामा निवृत्त झाल्यापासून दिवसभर फाटकाशी खुर्ची टाकून बसत. येणाऱ्याला "या" आणि जाणाऱ्याला "कुठी चालली?" जाणारी म्हणजे मामीच, म्हणून ती जातच नसे. भाजी दारावर येई, किराणा मामा आणत, फोन घरात एक आणि तो मामांच्या खिशात. मामा वाईट नव्हते. आवाजसुद्धा चढवत नसत. बाईमाणसानं कामाशिवाय बाहेर कायले जावं, एवढंच त्यांचं म्हणणं. पण एवढ्याशा म्हणण्यात एक अख्खं माणूस कोंडता येतं. मला त्या घरात चार दिवसांतच गुदमरायला लागलं.

मामांना मान्य असलेलं बाहेरचं काम एकच, ते म्हणजे कुत्री. शेरू राखणीसाठी आणलेला, आणि चंपी त्याच्या मागेमागे येऊन घरचीच झालेली. सकाळी उरलेल्या भातातला थोडा कांदा घालून आमच्यासाठी फोडणीला पडे, बाकीचा कुत्र्यांच्या डब्यात. शिळं अन्न अंगणात सांडायचं नाही, मुंग्या होतात, हा मामांचाच नियम. त्यामुळे मामी दोघांना घेऊन बस थांब्यामागच्या झाडाखाली जाई आणि तिथे डबा रिकामा करी. जाण्याआधी वेणी घाली, धुतलेलं पातळ नेसे, तोंडाला पावडर लावी. कुत्री फिरवायला पावडर लावणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. मी चिडवलं की म्हणे, "कुत्रे झाले म्हनून काय झालं, त्याईच्यासमोरबी चांगलं दिसावं लागते." अर्ध्या तासानं परतायची तेव्हा तिचा चेहरा फुललेला असे. मी म्हणे, मोकळी हवा लागली असेल.

एका संध्याकाळी मामीला ताप भरला. मी पदर खोचून स्वयंपाकाला लागले. मला माझ्या मापाचा भारी गर्व. तीन माणसांना मोजून तांदूळ घेतले आणि शेवटचं शीत मामांच्या ताटात संपलं. मामा खूश झाले. "पाय, याले म्हनते अंदाज! शिक माह्या भाचीपासून." मी गंज घासून पालथासुद्धा घातला.

सकाळी मामीचा ताप उतरला होता. वेणी, पावडर सगळं झालं आणि तिला पालथा गंज दिसला. तिनं तो उचलून आत पाहिलं, पुन्हा तसाच ठेवला. मामा फाटकातून म्हणाले, "आज काहून जाते? भात नाही, अंगात ताप होता. मी देतो त्याईले बिस्कुटं." मामी खिडकीचा गज धरून उभी राहिली, बस येऊन गेल्याचा आवाज झाला तरी उभीच होती. मग म्हणाली, "उद्यापासून भात मीच मांडीन, बाई."

दुसऱ्या दिवशी ती मला सोबत घेऊन गेली. पहिली बस आली, अड्याळची भाजीवाली टोपली घेऊन उतरली आणि मला सगळं उमगलं. अड्याळ मामीचं माहेर. एका लग्नातल्या मानपानावरून मामांचं आणि तिच्या भावाचं बिनसलं, तेव्हापासून येणंजाणं बंद, नाव काढणंही बंद. रोज सकाळी या बाईकडून मामीला तिच्या मायची खबर मिळत होती.

भाजीवालीनं टोपली खाली ठेवली. "काल कुठी होती वो तू? तुही माय आली होती. भावानं डॉक्टरले दाखवाले आनलं होतं. म्हने, पोरगी इथं रोज येते, तिले पाहूनच जातो. अर्धा घंटा बसून होती. तुह्या घराचं छप्पर दिसून राहिलं होतं इथून, पन भाऊ येऊ देईना. मंग ऑटोत बसवून नेलं."

मामीनं डबा उघडला, दोन्ही कुत्र्यांना वेगवेगळा भात वाढला, त्यांचं खाऊन होईपर्यंत उभी राहिली. येताना मीच रडत होते. ती म्हणाली, "रडतं कायले? तुले कोनी सांगतलं होतं काय? भात तं तुहा बरोबरच झाला होता."

महिन्याभरात माय गेली. त्या दिवशी मात्र मामा स्वतः ऑटो घेऊन आले आणि मामीला मातीला घेऊन गेले. आता येणंजाणं मोकळं झालं, असं मामाच म्हणाले. मामीनं मान हलवली.

तिनं मला कधी एका शब्दानं दोष दिला नाही. पुढे तीन वर्षं मी त्या घरात राहिले. तिनं पोळ्या माझ्याकडून करून घेतल्या, भाज्या शिकवल्या, माझ्या लग्नात माझी ओटी भरताना माझ्यापेक्षा जास्त रडली. पण त्या तीन वर्षांत तिनं मला एकदाही भात मांडू दिला नाही.