भंडाऱ्याची आण

साक्षीदार कोर्टाच्या आवारात आला की ओव्हाळ साहेब त्याला पहिलाच प्रश्न विचारायचे, "भंडारा उचललाय का?"

नवा माणूस गोंधळून जायचा. सरकारी वकील म्हटल्यावर तो नाव विचारील, गाव विचारील, घटना विचारील, हे भलतंच काय! पण ज्याला कळायचं त्याची मान खाली जायची. आमच्या कळंब-येरमाळा भागात खून असो की मारामारी, कोर्टात तारीख लागायच्या आत गावात बैठक बसते. चार शहाणे जमतात, झालं गेलं गंगेला मिळालं म्हणतात आणि साक्षीदाराच्या तळहातावर येरमाळ्याच्या येडाई देवीचा भंडारा ठेवून त्याच्याकडून आण घेतात, की मी कोर्टात तोंड उघडणार नाही. मग तो कोर्टात येतो आणि म्हणतो, मला काही आठवत नाही. कायद्याच्या भाषेत त्याला फितूर म्हणतात. साहेब म्हणायचे, "माणूस फितूर व्हत न्हाय ओ शोभाताई, गाव त्याला फितूर करतंय. आन शिक्का बसतो त्याच्या एकट्याच्या कपाळावर."

मी पोलिसात हवालदार. बरीच वर्षं माझ्याकडे कोर्टाची पैरवी होती. साक्षीदाराला समन्स पोचवायचं, त्याला वेळेवर हजर करायचं, तो मधेच एसटी पकडून पळाला तर स्टँडवर जाऊन हुडकायचं, आणि वकिलांची बोलणी खायची, असं हे काम. पुष्कळ वकील पाहिले. साक्षीदाराशी व्हरांड्यात उभ्याउभ्या दोन मिनिटं बोलणारे पाहिले, त्याच्याकडे न बघताच "पुढचा" म्हणणारेही पाहिले. ओव्हाळ साहेब मात्र स्वतःची खुर्ची साक्षीदाराला द्यायचे आणि आपण टेबलाच्या कडेला टेकायचे. बाई कडेवर मूल घेऊन आली असेल तर मूल माझ्याकडे. मी खाकी वर्दीत पोर खेळवतेय आणि साहेब त्या बाईला चहा पाजताहेत, हे दृश्य बघून बाकीचे वकील हसायचे. मी चिडायचे. "साहेब, मी पोलीस आहे, अंगणवाडीवाली नाही," असं एकदा म्हटलंही. ते म्हणाले, "व्हय की. म्हणूनच तुमच्याकडं दिलं. पळून न्हाय जायचं."

साहेबांच्या घराण्यानं छप्पन सालानंतर बौद्ध धम्म घेतलेला. वडील दुसऱ्याच्या शेतावर राबले, हे लातूरला जाऊन वकिली शिकले. नवस, अंगारा, आण यातलं काहीएक ते मानत नसत. पण समोरचा मानतो म्हटल्यावर त्याला हसतही नसत. "त्याच्या जिभेवर दगड ठेवलाय. दगड खोटा हाय म्हणून भाषण देऊ, का दगड उचलू?" असं विचारायचे. आणि खरंच उचलायचे. आण घेतलेल्या साक्षीदाराला देवीपुढं जाऊन आण परत करता येते, अशी आमच्याकडे रीत आहे. नारळ ठेवायचा, चूक झाली आई म्हणायचं, भंडारा पायाशी सोडायचा. साहेब एखाद्याला म्हणायचे, जाऊन या. बहुतेक जण आपले आपण जाऊन यायचे. काही जात नसत, आणि फितूर व्हायचे.

गिरजाबाईला मात्र एकटीनं जायची सोय नव्हती.

येरमाळ्याच्या अलीकडच्या एका गावातली ही बाई. तिची मुलगी गावातच दिलेली. जावयानं भरदुपारी मुलीला विहिरीत ढकललं, आणि ते गिरजाबाईनं बांधावरून डोळ्यांनी पाहिलं. दुसरा पाहणारा शेजारच्या शेतातला गडी, तो आधीच फितूर झालेला. म्हणजे उरली ही एकटी. गावानं तिच्याही हातावर भंडारा ठेवला होता. म्हणाले, पोरगी तर गेली, दोन नाती आहेत, त्यांचा बाप जेलात गेला तर त्यांना कोण बघणार? वर पाळत अशी, की बाई घराबाहेर पडली तरी कोणीतरी विचारणार, कुठं निघालीस?

साक्षीच्या आधी साहेबांनी तिला नेहमीचा प्रश्न विचारला तशी ती हमसून रडायला लागली. म्हणाली, "साहेब, लेकीचं सांगितलं तर देवी नातींवर कोपंल, आन न्हाय सांगितलं तर लेक सपनात येती. म्या काय करू?"

साहेबांनी तिच्यापुढं चहा सरकवला. मग मला म्हणाले, "शोभाताई, उद्या रजा टाका. आपण हिला घिऊन येरमाळ्याला जाऊ."

मी स्पष्ट सांगितलं, की साहेब, हे अंगलट येईल. सरकारी वकिलानं साक्षीदाराला देवळात नेलं हे आरोपीच्या वकिलाला कळलं तर तो सोडणार नाही. ते म्हणाले, "कळतंय मला. पण तिच्यासंगं जाणारं दुसरं कोण हाय का, सांगा." सांगायला माझ्याकडे कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी साध्या साडीत गिरजाबाईला एसटीनं घेऊन गेले, साहेब येडशीवरून मोटारसायकलनं आले. आम्ही दोघी पायऱ्या चढून वर देवळात गेलो. साहेब खालीच थांबले. "मी हात जोडत न्हाय, तुमच्या चपला सांभाळतो," म्हणाले आणि खरंच आमच्या चपलांपाशी उभे राहिले. बाई वरून आली तेव्हा तिचा चेहरा मोकळा झाला होता. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

परत येताना मात्र मी साहेबांना बाजूला घेतलं. म्हटलं, "आता एक करा. येरमाळ्याचं कोर्टात बोलू नको, एवढं तिला सांगून ठेवा." साहेब माझ्याकडे असे बघायला लागले जसं काही मी त्यांच्या ताटात खडा टाकला. म्हणाले, "आजवर तिला सगळ्यांनी हेच सांगितलं, की हे बोलू नको. आता म्या बी तेच सांगू? एक लपव म्हणलं की बाकीचं बी लपवावं का काय, असं वाटंल तिला. विचारलं तर सांगू द्या."

मला या उत्तराचा अजून राग येतो. माणसानं किती सरळ असावं याला काही माप?

साक्ष झाली ती मात्र अशी झाली की कोर्टात कोणी जागचं हललं नाही. बाईनं विहीर सांगितली, जावयाचा हात सांगितला, लेकीनं मारलेली हाक सांगितली. मग आरोपीचे वकील उठले. त्यांना गावातून कुणकुण लागलेली असणार.

"साक्षीच्या आधी कुठं गेला होता?"

"येरमाळ्याला."

"कशासाठी?"

"आण सोडवाय."

"कुणी नेलं होतं?"

आणि गिरजाबाईनं, अहो, अभिमानानं हात केला. "हे काय, आमच्या साहेबांनी. देवमाणूस हाय."

मागं बसलेली आरोपीची माणसं खुदकन हसली. साहेब फेरतपासणीला उठले, शांतपणे विचारलं, "देवळात मी तुम्हाला काय सांगायला सांगितलं?" ती म्हणाली, "कायच न्हाय. तुमी आत आलाच न्हाईत." पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. निकालात आलं, की एकमेव साक्षीदार, ती आधी गप्प होती आणि सरकार पक्षानं देवाची भीती घातल्यावर बोलली असावी, अशी शंका येते. संशयाचा फायदा आरोपीला. जावई सुटला. त्याच्या माणसांनी कोर्टासमोर गुलाल उधळला.

त्या गुलालातून वाट काढत गिरजाबाई साहेबांपाशी आली. तिनं विचारलं, "साहेब, म्या खोटं बोलाय पायजे होतं का?"

साहेबांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ते म्हणाले, "न्हाय बाई. तुमी बरोबर बोललात. चुकलं ते माझं." बाई गेल्यावर मी म्हटलं, साहेब, तुमचं तरी काय चुकलं? ते म्हणाले, "तेच तर कळंना."

पुढं त्यांची सरकारी वकिलीची मुदत संपली, ती वाढवली नाही. कारण कुणी सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. मला नोटीस आली, खुलासा दिला, पैरवीतून काढून ठाण्यात बसवलं. साहेब किरकोळ कामं करायचे. सरकारनं निकालावर हायकोर्टात अपील केलं होतं. भेटले की पहिलं तेच विचारायचे, लागलं का ओ? ते लागायच्या आतच साहेब हृदयविकारानं गेले.

त्यांच्या जलदान विधीला गिरजाबाई आली. गावातून आता तिला कोणी अडवत नाही, कारण तिच्याशी कोणी बोलतच नाही. नाती जावयाकडेच आहेत. त्यांना लांबून बघते, हाक मारत नाही. साहेबांच्या पत्नीपुढं ती हात जोडून म्हणाली, "माझ्या तोंडानं तुमच्या मालकाचं नुकसान झालं, बाई." वहिनींनी तिचे जोडलेले हात सोडवले. म्हणाल्या, "ते तुमचं नाव फार काढायचे." आणि मग दोघीही रडल्या, मीही रडले.

निघताना मी तिला स्टँडपर्यंत सोडायला गेले. गाडीची वाट बघताना तिनं विचारलं, "ताई, ते अपील लागलं की मला बोलावतील का? म्या परत तेच सांगन, पहिल्यासारखं."

मी म्हटलं, "नाही बाई. तिथं साक्षीदाराला बोलावत नाहीत. वकील बोलतात."

तिनं गाडी येते का, रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "आन आपले वकील तर गेले. मग आमच्याकडनं कोण बोलणार?"

गाडी लागली. मी तिला हात धरून वर चढवलं, खिडकीशी जागा बघून दिली, आणि गाडी हलेपर्यंत खाली तिच्या खिडकीपाशी उभी राहिले.