कानाला लावलेला कॅमेरा

माझी पत्नी सुमन गेली. फ्रेमसाठी तिचा फोटो शोधताना पेटीत आमचा कॅमेरा सापडला. चामडी कव्हराचा कुबट वास आला आणि तुमसरचा फोटो स्टुडिओ आठवला.

लग्नानंतर जुना कॅमेरा घ्यायला आम्ही तिथे गेलो होतो. समोर दोन होते. मला चकचकीत आवडला. सुमनने एकेक कॅमेरा कानाशी धरून बटण दाबलं, बाजारात मडकं वाजवून घ्यावं तसं.

“वहिनी, कॅमेरा डोळ्याले लावतेत!” दुकानदार हसला.

“डोळ्याले तं दोन्ही चांगलेच दिसून रायले, भाऊ. पण आवाज आयका, हा चकचकीत मधातच अडकते.”

तिने खरचटलेला घेतला.

तो कधी अडकला नाही, आणि कायम तिच्याच हातात राहिला. पेटीतल्या फोटोंत मी आहे, मुलं आहेत, आम्ही राहायचो ती चिखल्याची कॉलनी आहे. ती कुठेच नाही.

मी कॅमेरा कानाशी धरला आणि बटण दाबलं. आवाज स्वच्छ आला.